घोट्यावरचा आकडा

उस्ताद, तुमच्या पोराचा पाय दुखायला लागला आहे. डावा. चालताना पोटरीत गोळा येतो म्हणतो, थांबलं की जातो. मागच्या महिन्यात दर्यापूरच्या बसस्टँडपासून तुमच्या शिलाईच्या दुकानापर्यंत, म्हणजे आता त्याच्या दुकानापर्यंत, मी त्याच्यासोबत पायी गेलो. एवढ्याशा रस्त्यात तो दोनदा थांबला. एकदा चपलेचा अंगठा नीट केला, एकदा मोबाइलच्या दुकानातली कव्हरं पाहत उभा राहिला. त्याला कव्हर घ्यायचं नव्हतं. मी विचारलं, "भाई, साखर तपासली का?" तर म्हणे, "साखर तं हायच ना बे. अब्बाले होती, मले हाय. पण दिलाचं काही नाई आपल्या घरात. अब्बाचा तो मोठा रिपोर्ट नॉर्मल होता ना, तूच तं वाचला होता." हो, मीच वाचला होता. तो मी कसा वाचला ते तुमच्याशिवाय कोणाला सांगावं हे मला सुचत नाही, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं होत आली.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि पाच-सहा कामं सोडून आलो होतो. जिनिंगमध्ये सरकी भरली, टेम्पोवर फिरलो, रिचार्जच्या टपरीवर बसलो, बारावीचा फॉर्म दोनदा भरून परीक्षेला एकदाही गेलो नाही. बाबा म्हणत, ह्याच्या पायात भोवरा आहे. तुम्ही मला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस टिकशीन?" मी म्हटलं, "पाहू." तुम्ही हसलात. "पाहू म्हननारा पयलाच आला. बाकीचे खोटं बोलतात." मग मला काजं करायला बसवलं. एक काज नीट जमायला मला आठवडा लागला आणि दुसऱ्या आठवड्यात मी चार काजं करून रस्त्यावरच्या मिरवणुकीमागं निघून गेलो, ते संध्याकाळी परत. तुम्ही मारलं नाही. शर्टाच्या बाहीवर बोट ठेवून म्हणालात, "हा शर्ट ज्याचा हाय ना, तो उद्या पोरगी पाहाले जानार हाय. तो उघड्या छातीनं जाईन का बे? तुह्या बुडाखाली काटा हाय, पण तो टोचते दुसऱ्याले." बोलणं मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

ती वर्षं आठवली की मला तुमची मापांची वही आठवते. कापूस गेला, सोयाबीन गेलं, नवा कपडा कोणी शिवेना. लोक जुन्या पँटी आत घ्यायला आणत. तुम्ही टेप लावत आणि जुन्या पानावरचं माप पाहत. कंबर छत्तीस होती ती चौतीस, मग तेहतीस. एकदा एक पोरगा मोठ्या मापाची चांगली टेरिकॉटची पँट घेऊन आला. तुम्ही विचारलं, "कोनाची हाय?" तो म्हणाला, "बाबाची होती. आता माही." तुम्ही खडू घेतला, त्याला सरळ उभं राहा म्हणालात, आणि त्या दिवशी मला चहा आणायला पाठवलंत तर मी आणेपर्यंत पँट झाली होती. तेव्हा तुमचे पाय असे चालत. पायडलचा आवाज सुरू झाला की पँटीची बाजूची टीप कंबरेपासून खालच्या मोहरीपर्यंत एका दमात.

मग तो आवाज तुटायला लागला. टीप अर्ध्यात आली की मशीन थांबे. तुम्ही म्हणत, "जड चालून राहिलं. तेल टाक."

"टाकलं ना उस्ताद, कालच."

"मंग आज बी टाक. मशीन हाय, भाकर थोडी हाय का एकदा खाल्ली का झालं."

मी तेल टाकलं. पट्टा बदलला. पायडलची बॉल-बेअरिंग खोलून रॉकेलमध्ये धुतली, आणि ती धुताना अमरावतीहून आलेला बेअरिंगवाला भेटला, त्याच्याशी बोलता बोलता मी अर्धा दिवस घालवला, ते वेगळं. मशीन लोण्यासारखं फिरायला लागलं, मी हातानं फिरवून पाहिलं. तरी तुम्ही बसलात की आवाज तुटे. शिवलेल्या पँटी मी इस्त्रीला घेत असे तेव्हा मला टिपेत तुमचं थांबणं दिसायचं. थांबून पुन्हा सुरू करताना एक टाका बारीक पडतो, बाजूला बोट फिरवलं की लागतो. आधी पँटीला एक लागे, मग दोन, मग तीन. आपल्या धंद्यात मशीन अडलं तर मशीनमध्ये दोष शोधायचा, हेच मी तुमच्याकडून शिकलो होतो, आणि तुम्हीही तेच शिकला होतात. मशीनच्या पायडलवर पाय कोणाचा आहे तिकडं आपण दोघांनीही पाहिलं नाही. नमाजला जाताना तुम्ही किराणावाल्यापाशी थांबत, मग सायकलवाल्यापाशी थांबत. गावातली माणसं म्हणत, उस्ताद म्हातारपणी गप्पिष्ट झाले. शेवटी तुम्ही म्हणालात, "लंबी टीप आता तू मार. मी कॉलर पाहतो." मला वाटलं, माझा हात बसला म्हणून दिलं.

त्यानंतर चार महिन्यांनी मी तुम्हाला सोडून गेलो. भांडण काहीच नव्हतं. अकोल्याच्या एका लॅबला रक्ताचे नमुने आणायला माणूस हवा होता, दर्यापूर-मूर्तिजापूर-अकोला, रोज फिरायचं. फिरायचं म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकलं नाही. जाताना तुम्ही मला एक शर्ट शिवून दिलात, राखाडी, आणि आतल्या बाजूनं छातीवर एक चोरखिसा लावलात. म्हणालात, "लोकायचे कागद राहतीन तुह्याजवळ. बाहेरच्या खिशात ठेवशीन तं कुठंतरी वाकशीन न् पाडशीन." थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात रक्ताच्या नळ्या, आणि जीपमध्ये अकरा माणसांत मी. जीपवाल्याला वाटे डब्यात आईस्क्रीम आहे. एका म्हातारीनं तर नातवासाठी मागितलं होतं.

एका दिवशी नमुने घ्यायला दर्यापूरला आलो तर तुम्ही मला जीपपर्यंत सोडायला निघालात. तीनदा थांबलात. लॅबमध्ये राहून मला एवढं कळायला लागलं होतं, की चाललं की दुखतं आणि थांबलं की जातं ते दुखणं नस दबल्याचं नसतं, रक्त कमी पडल्याचं असतं. चाची घरी काशाच्या वाटीनं तुमचे तळपाय घासत होत्या. त्या म्हणाल्या, "वात हाय बेटा, काळा निघून राहिला पाह्य वाटीतून." मी तुमच्या मागं लागलो. तुम्ही म्हणालात, बकरी ईदची शिलाई होऊ दे. मग म्हणालात, लग्नसराई होऊ दे. शेवटी चाचींनीच तुम्हाला माझ्यासोबत अकोल्याच्या बसमध्ये बसवून दिलं.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला आडवं केलं. दंडावर पट्टा बांधून दाब पाहिला, मग पट्टा घोट्यावर बांधला आणि पावलावर रक्ताचा आवाज ऐकवणारं एक खरखरणारं यंत्र धरलं. दंडाचा आकडा आला तो ठीक होता. घोट्याचा आकडा त्याच्या कितीतरी वर गेला. त्या पट्टा फुगवत राहिल्या आणि आवाज काही बंद होईना. तुम्ही उशीवरून मान उचलून मला म्हणालात, "पाह्य बे! हातापेक्षा पाय जवान हाय." मी खूश झालो. बाहेर कंपाउंडरला सांगूनही आलो, आमच्या उस्तादचा पाय फर्स्ट क्लास निघाला. आत आलो तर बाई हसत नव्हत्या.

"चाचा, हा आकडा खोटा आहे," त्या म्हणाल्या. "रबरी नळी दाबली की दबते. तुमच्या पायातल्या रक्तवाहिन्यांत चुना बसलाय, साखरेनं बसतो. त्या कडक झाल्यात. पट्टा त्यांना दाबूच शकत नाही, म्हणून आकडा वर जातो. आतून रक्त कमीच जातंय."

तुम्ही जरा विचार केलात. "म्हंजे कॉलरीत बक्रम घातल्यावानी. वरून मस्त ताठ दिसते, पण वाकत नाई."

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी ते सांगितलं जे मला शब्द न् शब्द लक्षात आहे. ज्याच्या पायाच्या वाहिन्या अशा कडक होतात त्याच्या हृदयाचंही बहुतेक वेळा काहीतरी चाललेलं असतं, पण ते गुपचूप असतं. छातीत दुखायला माणूस तेवढा चालला पाहिजे. ह्यांना पाय आधीच थांबवतो. म्हणून रक्त पाहायचं. हृदयावर ताण पडला की त्याच्या स्नायूतून एक द्रव्य रक्तात उतरतं, प्रो-बीएनपी. आणि स्नायूला थोडी जरी इजा होत असली तरी दुसरं एक झिरपतं, ट्रोपोनिन. दोन्ही नागपूरच्या मोठ्या लॅबला पाठवायचे. वाढलेले निघाले तर त्याच आठवड्यात अमरावतीला हृदयाच्या डॉक्टरकडे, एक दिवसही घालवायचा नाही, आणि तोवर पायाचं मशीन बंद. तुम्ही विचारलंत, "काहीच दुखून नाई राहिलं तरी?" त्या म्हणाल्या, "दुखत नाही म्हणूनच." मग मला बाजूला घेतलं. "रिपोर्ट तू स्वतः घेऊन जा. फोनवर सांगू नको, ते येणार नाहीत. समोर बसून सांग आणि सोबत घेऊन नीघ."

बसमध्ये तुम्ही खिडकीतून बाहेर पाहत म्हणालात, "मले वाटलं होतं मशीनच खराब हाय." तुम्ही हसत होतात. मी पण हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. मी लॅबच्या काउंटरवर उभ्यानंच पाहिला, पाकीट चिकटवलेलं नव्हतं. दोन्ही आकडे जाड काळ्या अक्षरात, पुढं इंग्रजी एच, म्हणजे वाढलेले. पहिला तर शेजारी छापलेल्या हद्दीच्या कितीतरी पलीकडे. मी कागदाची चौघडी केली, तुम्ही शिवलेल्या चोरखिशात ठेवला आणि जीपच्या स्टँडवर आलो. तिथं माझा टेम्पोवाला दोस्त उभा होता. मंडपाचं सामान भरून चांदूर रेल्वे गावाला निघाला होता, हाताखालचा माणूस आला नव्हता. "चाल ना बे, उद्या दुपारून वापस." मी म्हटलं, एक दिवसानं काय होतं. चांदूरला मंडप बांधला. लग्न झालं, पंगतीत बसलो, वांग्याची भाजी अशी की मी तीनदा घेतली. मंडप सोडला तर मालक म्हणाला, उद्या धामणगावकडे आहे. तिथून पुढं आणखी एक. लॅबला फोन करून सांगितलं, मी येत नाही. उन्हात बांबू उचलताना कागद छातीला लागायचा. घामानं मऊ झाला होता. रात्री शर्ट काढून ठेवताना मी तो हाताला लागणार नाही असा दुमडत असे.

रिपोर्ट हातात आल्यापासून सहाव्या दिवशी तुमचा फोन आला.

"अबे, कागद आला का रे तो?"

मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो. मी म्हटलं, "नाई ना उस्ताद. नागपूरले त्यायचं मशीन बंद हाय."

"मशीन बंद पडतेच बे. कोनी तेल टाकलं नसन." मग म्हणालात, "मंग मी शाळेचे ड्रेस काढून घेतो तवरक. शाळा उघडून राहिल्या, मायबाप दारात उभे राह्यतात."

"बाईंनी पायाचं मशीन बंद सांगतलं होतं ना."

"कागद आल्यावर बंद. आता पावलावर थोडी सूज हाय, चप्पल आत जात नाई, तं काल चप्पल काढूनच मारलं. बरं वाटते. झोपल्यावर जरा दम लागते, चाचीनं दोन उशा देल्या." तुम्ही दम घेतला, तो मला फोनमध्ये ऐकू आला. "तू कुठी हायेस? बँड वाजून राहिला मागं."

"अकोल्यातच हाय," मी म्हटलं. "वरात चालली."

तेव्हा निघालो असतो तर अडीच तासांत तुमच्यासमोर होतो. सूज आणि दम म्हणजे काय ते मला लॅबमधल्या बोलण्यातून माहीत होतं. अजून तीन दिवस मी मंडप बांधले.

नवव्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर तुम्ही दुकानात बसलात. एक बाई लेकीचा शाळेचा शर्ट घ्यायला बाकावर बसली होती. तिनंच नंतर सांगितलं: उस्ताद मशीनवर वाकले, मला वाटलं सुईत दोरा ओवून राहिले, म्हणून मी गप बसली. ती बराच वेळ गप बसली होती.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. दफन होऊन गेलं होतं. तुमचा पोरगा अमरावतीहून आला होता, दारात चपला काढायला जागा नव्हती. चाचींनी मला पाहिलं आणि पहिलं तेच विचारलं, "बेटा, कागद आला का?" मी चोरखिशातून काढला. घड्यांवर फाटायला आला होता. भाई म्हणाला, "वाच ना." कागद इंग्रजीत, वर तारीख. तारीख नऊ दिवसांपूर्वीची. मी आकडे वाचले असते तर पुढचा प्रश्न, आला कधी. मी नाव वाचलं, वय वाचलं. मग म्हटलं, "नॉर्मल हाय."

चाचींनी डोळे मिटले. "मंग त्याच्या मर्जीपुढं कोनाचं काय. मी तं समजून राहिली होती का टाईम गमावला आपन." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात किती वेळ होता ते मला सांगता येणार नाही. कागद कोणी मागितला नाही. तो अजून माझ्याजवळच आहे. चाची गेल्या त्या हेच मानून गेल्या.

मागच्या शुक्रवारी मी भाईला अमरावतीला घेऊन गेलो. घेऊन गेलो म्हणजे त्यानंच मला बोलावलं, मी आता सोलर पंप बसवणाऱ्यांसोबत फिरतो, बार्शीटाकळीकडे काम चालू आहे. दवाखान्यात एक फॉर्म दिला. भाई म्हणाला, "तू भर बे, तुले लॅबचं समजते." नाव, वय, साखर किती वर्षांपासून. मग होतं, कुटुंबात कोणाला हृदयविकार किंवा अचानक मृत्यू. मी पेन धरून बसलो. "भाई, हे काय लिहू?"

"नाई लिव ना. अब्बाचं तं नॉर्मल होतं. मानूस हाय, उमर झाली, गेले."

तुमचं वय तेव्हा सत्तावन्न होतं, उस्ताद. मी 'नाही' लिहिलं. अक्षर नीट काढलं. आतल्या डॉक्टरनं त्याच्या घोट्यावर पट्टा बांधला, आकडा वर वर गेला, आणि भाईनं उशीवरून मान उचलून माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या, पाह्य म्हणून. डॉक्टर तरुण होता, त्यानं फॉर्म उलटून पाहिला, 'नाही'वर बोट ठेवून पुढं गेला, आणि तरी रक्त लिहून दिलं. तेच दोन. रिपोर्ट मोबाइलवर पाठवतो म्हणाले, नंबर सांगा. भाई म्हणाला, "ह्याचाच टाका. माह्या फोनची काच फुटली, काही दिसत नाई. हा वाचून सांगन." घरी येऊन तो पुन्हा मशीनवर बसला असणार, शाळा उघडायला आल्या आहेत.

हे तुम्हाला पाठवायचं कुठं, हा प्रश्न नाही. पाठवायचं तर त्याला पाठवायला पाहिजे, आणि त्याला ह्यातल्या तीनच ओळी लागतील. बाकी मी जे लिहिलं, मिरवणूक, बेअरिंगवाला, आईस्क्रीम, ते तुम्ही वाचलं असतं तर म्हणाला असतात, कापड किती न् चिंध्या किती. ज्यात हे लिहिलं ती वही मी पंपाच्या खोक्यात टाकणार आहे. लिहिता लिहिता भाईचे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. आणि एक राहिलं. भाईच्या रिपोर्टचा मेसेज सकाळी अकरालाच आला आहे, उस्ताद. तो आल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि हे लिहायला बसलो.